उतरता हात

"आधी आजारी हात बाहीत, मग धड हात," बाबा म्हणाले. "इतके महिने झाले, अजून तुला सांगावं लागतं."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली आणि शर्टाची उजवी बाही त्यांच्या लुळ्या हातावर जरा जास्तच जोरात ओढली.

हात तोच होता. बाबा कारखान्यात फोरमन असताना त्याच्या नुसत्या इशाऱ्यावर अख्खं खातं थांबायचं. घरात तो इशारे करत बसत नसे. दिवा चालू राहिला, उत्तर द्यायला उशीर झाला, की सरळ गालावर पडायचा. तिने कधी हूं की चूं केलं नाही. आवाज काढला तर ते जिंकतील, हे तिने फार लहानपणीच ठरवून टाकलं होतं. मग आई गेली, बाबांना झटका आला, आणि त्यांचं करायला तीच उरली. आता तोच हात पुन्हा चालता व्हावा म्हणून तीच त्यांना एक दिवसाआड रुग्णालयात नेत होती.

ऑक्युपेशनल थेरपीची खोली तळमजल्यावर होती. तिथे औषधांचा वास नव्हता. टेबलावर कपड्यांचे चिमटे, बटणं लावलेली फळी, जाड मुठीचे चमचे. भिंतीवर दोन फळ्या, आणि खालून वर ठेवायचे प्लॅस्टिकचे कप. माणूस घरात जे न बघता करतो, ते इथे श्रीगणेशापासून शिकायचं. थेरपिस्ट तरुण होती, पण फोरमनला पुरून उरणारी.

"काका, लबाडी नको. कप हातानं न्यायचा, खांदा उचकून नाही."

"बाई, माझ्या हाताखाली असतात तर वर्षात सुपरवायझर केलं असतं तुम्हाला."

"आणि तुम्ही माझ्या हाताखाली असतात तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं. चला, पुन्हा."

बाबा खो खो हसले. परक्या बाईपाशी एवढं हसू, आणि घरात आयुष्यभर दुष्काळ. तिच्या जिवाचा संताप झाला.

शेवटी शेवटी ते नेहमीसारखे म्हणाले, "तू बाहेर बस. समोर असलीस की हात अडतो."

ती बाहेर बाकावर जाऊन बसली. दर खेपेला या वेळी बंद दारामागून पत्र्यावर हात आपटल्याचा आवाज यायचा. धप्प. धप्प. मग बाबांची शिवी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती मनात म्हणायची. त्या दिवशी मात्र आतून काहीच ऐकू आलं नाही. दमले असतील. दमू देत.

घरी त्यांना खुर्चीत बसवून ती बुटांचे पट्टे सोडायला खाली वाकली. मानेवर सावली पडली. तिने वर पाहिलं. उजवा हात तिच्या डोक्याच्या वर, हवेत, थरथरत होता.

तिने झडप घालून मनगट धरलं. त्यांची बोटं पांढरी पडेपर्यंत धरलं.

"खबरदार," ती म्हणाली. "आता नाही."

बाबा म्हणाले, "सोड. दुखतंय मला."

किती सहज म्हणाले. तिने तो हात उचलून, एखादी वस्तू ठेवावी तसा, त्यांच्या मांडीवर ठेवून दिला. संध्याकाळी त्यांचं ताट समोर आणून आदळलं आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवली. पहाटे दुसरा झटका आला आणि बाबा गेले. तिला हाक मारायलाही त्यांना वेळ मिळाला नाही.

पुढे काही दिवसांनी ती रुग्णालयाचा चमचा आणि हाताची झोळी परत द्यायला गेली. वस्तू दारातच देऊन निघायचं होतं. पण थेरपिस्ट लगबगीने पुढे आली.

"ताई, काकांचं कळलं मला. घरी जमलं का हो त्यांना, त्या दिवशी?"

"काय जमायचं होतं?"

थेरपिस्ट गोंधळली. "तुम्हाला करून दाखवलं नाही? झटक्यानंतर हात वर नेणं एक वेळ जमतं, ताई. हळू खाली आणणं फार अवघड. तो धप्पकन पडतोच. म्हणून आम्ही पत्र्याचा डबा पालथा घालायचो. त्यावर हात टेकवायचा. आवाज झाला की चुकलं. शेवटच्या दिवशी एकदाही आवाज झाला नाही. केवढे खूश होते! म्हणाले, आज घरी जाऊन पोरीच्या डोक्यावर ठेवतो."

ती दारातून दोन पावलं आत आली.

"मी म्हटलं होतं त्यांना, काका, बोलता तर तुम्ही खणखणीत. मुलीला जे सांगायचंय ते तोंडानं सांगा की. तर म्हणाले, बाई, ज्या मशिननं माल बिघडवला, दुरुस्ती त्याच मशिनवर व्हायला हवी. तोंडाचं काम नाही ते."

थेरपिस्टने पाण्याचा ग्लास पुढे केला. ताई आता रडतील, असं तिला वाटलं असावं. पण ती रडली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. टेबलापाशी बाबांची खुर्ची रिकामी होती. ती त्या खुर्चीकडे वळली, आणि तिचा आवाज इतका चढला की बाहेर बाकावर बसलेली माणसं उठून दारात आली.

"मला लागायचं, बाबा! खूप लागायचं! हाताला कसलं शिकवत बसलात? तोंडानं एकदा विचारायचं होतं, मी सांगितलं असतं!"