खरं वजन

हृदयाचा सीटी स्कॅन काढण्याआधी टेक्निशियन बाईंनी मुलीला वजन विचारलं.

"अठ्ठेचाळीस! महिन्यात चार किलो वाढलं," ती हरखून म्हणाली.

तिची काडीसारखी मनगटं पाहून बाईंचा विश्वास बसेना. "जरा काट्यावर उभी राहा बघू."

तोच तिच्या बापाने बाईंना गयावया करत बाहेर नेलं. "काटा नको हो, पाया पडतो!"

"अहो, अंगकाठी बघूनच किरणं कमी-जास्त करतो आम्ही. खोटं वजन धरलं तर पोरीला नाहक जास्त किरणं लागतील. खरं किती?"

"छत्तीस," तो कसाबसा म्हणाला. "घरी ती काट्यावर चढली की मी मागून हळूच पाय टेकवतो. आकडा वाढलेला दिसला, तरच बरी होतेय असं वाटून दोन घास खाते हो."