करडी चौकट

फोटो चालू ठेवले की कॉम्प्युटर रडतखडत चालतो, म्हणून छापखान्यातला ऑपरेटर स्क्रीनवर फोटो बंदच ठेवायचा. त्यांच्या जागी नुसत्या करड्या चौकटी दिसायच्या. मुलं पळवणाऱ्याला शोधण्याचं पोलिसांचं पोस्टरही त्याने तसंच तयार केलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "अहो, शाळेच्या गाडीवर आज बदली काका आलेत. फोटो पाठवलाय, बघा. चिमीला पाठवू ना?"

त्याने मोबाइलवर पाहिलं. "सज्जन दिसतोय गं. पाठव बिनधास्त."

मशीनवाला आत डोकावला. "छापायच्या आधी चेहरा दाखव की एकदा. काळपट आला तर बोंब होईल."

कुरकुरत त्याने फोटो चालू केला.

 

चौकट वरून सावकाश भरत गेली. आधी केस, मग कपाळ, मग मघाचेच ते सज्जन डोळे.