दुसरं कडवं

तेहरानमध्ये बाईने एकटीने गायलं की कार्यक्रमच बंद. सोबत पुरुषाचा आवाज हवाच. म्हणून सध्याचं एक गाजलेलं गाणं आमची गायिका माहरोख हिच्याबरोबर बेहरंगही गात होता. दुसऱ्या कडव्यात त्याचा आवाजच येईना. ड्रम वाजवता वाजवता मी वाकून पाहिलं, तर पठ्ठ्या नुसते ओठ हलवतोय! सभागृहभर एकट्या माहरोखचा आवाज. पहिल्या रांगेतल्या सरकारी निरीक्षकाने पेन काढलं.

कार्यक्रम संपताच निरीक्षक तडक रंगमंचामागे आला.

"दुसऱ्या कडव्यात आवाज कुठे गेला होता तुमचा?"

"घसा बसला, साहेब," बेहरंग म्हणाला.

निरीक्षकाने माहरोखकडे पाहिलं. मग पेन खिशात ठेवलं.

"उद्या माझी मुलगी येतेय ऐकायला. उद्याही घसा बसलेलाच असू द्या."