पोरांनी शिकवलेला संगणक

अनसिंगजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत धम्मदीपा मॅडमनी संगणकांवर फुकटात मिळणारे आणि कुणालाही हवे तसे बदलता येणारे सॉफ्टवेअर टाकले. मग सातवीच्या पोरांनी वर्षभर खपून त्यातले सगळे इंग्रजी शब्द आपल्या बोलीत करून टाकले. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले त्या दिवशी मात्र मॅडमचा जीव टांगणीला लागला. साहेबांनी हे सगळे काढून टाकायला सांगितले, तर पोरांना काय तोंड दाखवायचे?

साहेबांनी एक फाईल पुसायचे बटण दाबले. पडद्यावर अक्षरे उमटली, "खरंच पुसू काय? मंग माह्या नावानं रडू नोको."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मॅडम, शासकीय संगणकाची ही काय भाषा झाली?"

"सर, पोरायले इंग्रजी समजत नव्हतं, म्हणून..." घाबरल्यावर मॅडमचीही पुस्तकी मराठी पळाली.

साहेबांनी शेरेबुकात 'भाषा सुधारावी' असे लिहून सही ठोकली आणि पोरांना बाहेर पाठवले.

 

मग खिशातला पेनड्राइव्ह पुढे करत ते हळूच म्हणाले, "हे सगळं याच्यात टाकून द्या बाई. हापिसातल्या संगणकाचं इंग्रजी मले तरी कुठं समजते!"