नळाला बांधलेली शेळी
गुत्तेदाराने अंगणात नळ बसवला, तेव्हा पंचफुलाबाईने नळाला हळदीकुंकू वाहिलं. वर्ष सरलं तरी थेंबही आला नाही, मग तिने नळाला शेळी बांधली. आज गुत्तेदार घाईघाईने औशाहून आला. "मावशे, उद्या तपासणीवाले साहेब येणार. जेवढे नळ चालू दिसतील, तेवढ्यांचंच बिल मला मिळणार. टँकरनं तासभर पाणी सोडतो, तू 'रोज येतंय' म्हण. आधी शेळी सोड." "पाणी रोज आलं की सोडते." "लई बोलायलीस! नळच उपटून नेतो, मग बस बोंबलत." पंचफुलाबाईने शेळी सोडली, घरातून पहार आणली आणि त्याच्या पायाशी ठेवली. "उपटा की. सायबाला खड्डा दाखवते." गुत्तेदाराने पहारीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. तिने शेळी पुन्हा नळालाच बांधली, घट्ट गाठ मारली, आणि घागर उचलून हापशाकडे निघाली.