भिंतीचं आश्वासन

"भिंत लिहून ठेव, लाडके. सोमवारी दिल्लीची माणसं येतायत," ग्रामसेवक रामनाथ अंगणातूनच म्हणाला. "सगळ्या रानशेत गावात तुझ्यासारखा हात कुणाचा नाही."

लाडकीची सासू भिकी सूप बाजूला ठेवून हसली. "लगीन कुणाचं हाय, भाऊसाहेब? तुझ्या दिल्लीवाल्यांचं?"

तिचं खोटं नव्हतं. वारल्यांच्या घरात भिंतीवर चित्रं लिहितात ती लग्नाला, आणि तीही तांदळाच्या पिठानं. भादवा चालला होता. भात अजून शेतात हिरवं उभं होतं आणि अख्ख्या पाड्यावर मूठभर तांदूळ सापडला नसता. पण रामनाथचं तोंड उतरलेलं होतं. येणारी समिती संसदेची होती. लहान पोरांना सरकार दुधाची पावडर देत होतं, ती पुढं चालू ठेवायची की नाही, हे ती बघून ठरवणार होती.

"त्यांना बरं वाटलं पाहिजे. एवढंच बघ," तो म्हणाला आणि पुढच्या घराकडे वळला.

लाडकीच्या कानात तेवढंच राहिलं. ज्येष्ठातल्या तापात तिचं अंगावरचं दूध आटलं, तेव्हा तिची तान्ही पोर बारकी भिजलेल्या पिलासारखी झाली होती. मग दर शुक्रवारी रामनाथ शाळेच्या ओट्यावर वाटीभर पावडर मोजून देऊ लागला आणि पोरीनं जीव धरला. मांडीला वळी आली. वर्षाची बारकी आता बसायची, आणि दूध संपलं की रिकामी वाटी जमिनीवर आपटायची.

रविवारी लाडकीनं भिंत सारवली, वर गेरू फिरवला. मग शुक्रवारची पावडर काढून पाण्यात कालवली.

"पोरीचं हाय ते," भिकी म्हणाली.

"पोरीसाठीच लिहिते, आय."

बांबूची काडी चावून तिनं टोक मऊ केलं आणि दिवसभर लिहीत बसली. लग्न नव्हतं, म्हणून लग्नाचा चौक नाही लिहिला. ताडाची झाडं लिहिली. झाडांखाली बायांची रांग. एकेकीच्या कडेवर पोर, एकेकीच्या हातात वाटी. त्या आठवड्यात बारकीला नाचणीचं पाणी मिळालं.

सोमवारी जीपमधून चौघे उतरले. एकानं भिंतीचे फोटो घेतले. दुसऱ्या, वयस्क साहेबानं पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, हे कशाचं? तांदळाचं पीठ, रामनाथनं हिंदीत सांगून टाकलं. लाडकीला ते पटलं नाही. पाहुण्यांसाठी आपण पोरीच्या तोंडचं काढलं, हे त्यांना कळायला नको?

"तांदूळ कुठला आता, बाबा," ती पुढं होऊन म्हणाली. "दूध हाय. माझ्या पोरीचं."

दूध हा शब्द हिंदीतही दूधच होता. रामनाथला मध्ये पडायला वेळच मिळाला नाही. साहेबानं वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि तिच्याकडे बघून मान हलवली. लाडकीला त्या दिवशी फार बरं वाटलं.

कार्तिकात दूध बंद झालं. ती ओट्यावर गेली, तेव्हा रामनाथनं तिला कागद वाचून दाखवला. मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं उत्तर होतं. त्या भागात दूध भिंतींना फासण्याइतकं उरतं, असं समितीनं समक्ष पाहिलं आहे. सबब पुरवठा अधिक गरजू जिल्ह्यांकडे वळवण्यात आला आहे.

"भिंत तूच लिहवलीस, हे नाय सांगितलं तू?"

रामनाथनं कागदाची घडी घातली. "मला कुणी विचारलं नाही."

नवं भात फाल्गुनापर्यंत पुरलं. चैत्रात बारकी पेज मागायचीही थांबली. तिनं आता चालायला हवं होतं. ती धड बसतही नव्हती. एका दुपारी लाडकी पाणी घेऊन आली, तर पोरगी सरपटत भिंतीशी गेलेली आणि भिंत चाटत असलेली. लाडकीनं आधी दाराकडे बघितलं. मग बोट ओलं करून एक ताड पुसला आणि मातीसकट तिच्या तोंडात घातला. मग रोज थोडं थोडं. आधी झाडं गेली, मग बाया, मग वाट्या.

वैशाखात डहाणू रोडहून ट्रक आला. रामनाथबरोबर करवती घेतलेले दोन गडी होते. भिंत बघून तो उंबऱ्यावरच बसला.

"चित्र कुठाय?"

"पोरीनं खाल्लं."

त्यानं पिशवीतून पत्रं काढली. मग सांगू लागला. फोटो बघून एका सभासदानं संसदेत मागणी केली होती, की ही कला दिल्लीत जपून ठेवावी. मंत्र्यांनी तिथल्या तिथे होकार दिला होता. कुडाची भिंत कापून न्यायची होती. "सभागृहात दिलेलं आश्वासन आहे, लाडके. वरून तीन पत्रं आलीत. ते पुरं झाल्याचं कळवल्याशिवाय माझी सुटका नाही."

"आन् दुधाचं?"

"दुधाचं आश्वासन कुणी मागितलं नव्हतं."

चौथ्या दिवशी तो दुधाचा नवा कोरा डबा घेऊन आला. चित्र मूळचं होतं तसंच हवं होतं, म्हणून डब्याला खास मंजुरी मिळाली होती. त्यानं स्वतः झाकण उचकटलं आणि फोटो तिच्यापुढं धरला. "अशीच लिही. याच बाया, याच वाट्या." मग तो खाटेवर पाय मोकळे करून बसला.

लाडकीनं परातीत दूध कालवलं. घरभर वास सुटला. चार दिवस चटईवरून न हललेल्या बारकीनं मान उचलली. पोटावर सरकत सरकत ती परातीपाशी आली आणि काठावर हात ठेवला.

रामनाथ खाटेवरून उठला नाही. त्यानं आवाजही चढवला नाही.

"पोरीला जरा लांब बसव, लाडके," तो म्हणाला. "सांडेल."