नंबर नसलेल्या काचा

रूपालीने सासूच्या डोळ्यांवरचा जुना चष्मा उतरवला आणि राजापेठेतलं ते दुकान पुसलं गेलं. काउंटर, आरसा, भिंतीवरच्या फ्रेमांच्या रांगा, सगळ्याचे नुसते रंगीत डाग झाले. सत्यवतीबाईंचा नंबर उणे अकरा होता. नाकापासून चार बोटांपलीकडचं त्यांना चष्म्याशिवाय काही नीट दिसत नसे.

"काकू, ही लावून पाहा," दुकानदार भगवंत म्हणाला. "तुमचा नंबर मोठा आहे. फ्रेम लहानच घ्या. मोठ्या फ्रेममध्ये काच कडेला जाड होते."

"आणि तुमचा चेहरा गोल आहे, आई," रूपाली म्हणाली. "गोल चेहऱ्याले चौकोनी फ्रेम शोभते. मोबाईलवर पाह्यलं मी."

"मोबाईलनं कधी पाह्यलं व माहं तोंड?"

रूपाली हसली. सत्यवतीबाईंनी फ्रेम चढवली आणि आरशाकडे पाहिलं. आरशात एक गव्हाळ गोळा होता. दुकानातल्या फ्रेमांत साध्या काचा असतात, त्यांना नंबर नसतो. त्यामुळे लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत त्यांनी एकही फ्रेम स्वतः पाहून निवडली नव्हती. ते काम त्यांच्या नवऱ्याचं, शेषरावांचं.

शेषराव आत्ताही शेजारच्या स्टुलावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून रूपालीने त्यांनाही चांदूर रेल्वेहून सोबत आणलं होतं.

आधी ते दोघेच यायचे. सकाळी फुलांच्या टोपल्या अमरावतीच्या बाजारात उतरवायच्या आणि मग चष्म्याचं दुकान. शेषराव समोर बसायचे. सत्यवतीबाई फ्रेम लावून तोंड त्यांच्याकडे करायच्या. ते बराच वेळ पाहायचे आणि म्हणायचे, "नाही." दुकानदार दुसरी द्यायचा. पुन्हा तसंच पाहणं आणि पुन्हा "नाही." एकदा भगवंतचे वडील वैतागून म्हणाले होते, "मालक, तुमी फ्रेम पाहाले आले का नवरी?" गिऱ्हाइकं हसली होती. शेषराव हसले की नाही, ते सत्यवतीबाईंना कळलं नाही. त्यांच्यासाठी तेव्हा नवऱ्याचा चेहरा म्हणजे पांढऱ्या सदऱ्यावरचा एक काळसर डाग होता.

घरी त्यांच्याकडे असं कोणी पाहत नसे. सासरे होते, दोन थोरले दीर होते. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत असायचा आणि मोठ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांकडे बघायची रीत नव्हती. पुढे सासरे गेले, दीर वेगळे झाले, पदरही मागे सरकला. शेषरावांची नजर मात्र जमिनीवरच राहिली. जेवताना ताटाकडे, बोलताना शेताकडे.

म्हणून चष्म्याच्या दुकानातला तो अर्धा तास सत्यवतीबाईंना हवासा वाटायचा, आणि त्याची भीतीही वाटायची. इतक्या फ्रेमा नापसंत होतात, म्हणजे दोष फ्रेमांत नसणार. शेवटी एखादीला शेषराव मान हलवायचे. नवा चष्मा तयार होऊन आला की त्या घरच्या आरशात स्वतःला न्याहाळत बसायच्या. यांना यात काय आवडलं असेल, ते शोधायच्या. "चांगली दिसते" एवढे दोन शब्द त्यांना हवे होते. ते कधी आले नाहीत. आणि आता तर पाहणारे डोळेच उरले नव्हते.

रूपालीने प्रत्येक फ्रेम लावून मोबाईलवर फोटो काढले. मग जुना चष्मा सासूच्या हातात दिला. "घ्या, आता पाहा. तुमची तुम्ही निवडा."

सत्यवतीबाईंनी फोटो पाहिले. चौकोनी फ्रेम, गोल फ्रेम, सोनेरी काडीची, तपकिरी. सगळ्यांत तीच एक वयस्क बाई होती. कोणती फ्रेम बरी, ते त्यांना सांगता येईना.

त्यांनी चष्मा पुन्हा काढून ठेवला. सोनेरी काडीची फ्रेम लावली. आरशाकडे पाठ केली आणि स्टुलावरच्या त्या काळसर डागाकडे तोंड केलं.

"अवो, सांगा ना. कशी दिसते?"

"आई..." रूपाली हळूच म्हणाली.

"मले माहीत हाय व," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"काय सांगू?" शेषराव म्हणाले. "मले कुठी दिसते आता?"

"तवा दिसे ना? तवा तरी काय सांगतलं? नाही, नाही अन् नाही." त्यांचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "एवढं वंगाळ होतं काय जी माहं तोंड?"

शेषरावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मान वर केली. आवाजाच्या दिशेने, पण किंचित बाजूला.

"दरखेपी पयलीच फ्रेम शोभे तुले," ते म्हणाले. "पण मी हो म्हटलं का तू आपला चष्मा घालत जाय. अन् तुले दिसाले लागलं, का मले तुह्याकडे पाह्याची लाज वाटे."